रंगाविना पेशी

नववीच्या वर्गात एक प्रयोग हमखास होतो. स्वच्छ टूथपिकने गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, जे निघेल ते काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचे, त्यावर मेथिलीन ब्लूचा एक थेंब सोडायचा, आच्छादन काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. फिकट निळ्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मध्ये गडद निळे केंद्रक दिसते. मुले आकृती काढतात, नावे देतात आणि प्रयोग संपतो.

रंगाच्या त्या थेंबाबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. तो कशासाठी, असे एखाद्या मुलीने विचारलेच तर आपण सांगतो, ‘पेशी नीट दिसाव्यात म्हणून.’ हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. रंग न घालता पेशी का दिसत नाही? आणि रंग घातल्यावर आपण जे पाहतो ती अजून जिवंत पेशीच असते का? या दोन प्रश्नांमागे सूक्ष्मदर्शकाचा तीनशे वर्षांहून मोठा इतिहास उभा आहे. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत येतो आणि पुन्हा त्या गालाच्या आतल्या पेशीवरच येऊन थांबतो.

पारदर्शक असण्याची अडचण

एखादी वस्तू आपल्याला दिसते ती मुख्यतः दोन कारणांनी. एकतर ती काही प्रकाश शोषून घेते किंवा प्रकाशाची दिशा बदलते. पेशीत बहुतांश पाणी असते. दृश्य प्रकाश ती जवळजवळ शोषतच नाही. तिचा अपवर्तनांकही भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचितच जास्त असतो, त्यामुळे प्रकाश फारसा वळतही नाही.

याचे प्रात्यक्षिक सोपे आहे. बोरोसिल काचेची परीक्षानळी पाण्यात बुडवली तर स्पष्ट दिसते. तीच ग्लिसरीनने भरून ग्लिसरीनमध्येच बुडवली तर जवळजवळ नाहीशी होते. काच आणि ग्लिसरीन या दोहोंचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे. प्रकाशाला वाटेत कुठे सीमा लागल्याचे कळतच नाही. पाण्यातल्या पेशीची अवस्था काहीशी अशीच असते. ती समोर असते, पण नजरेला सापडत नाही.

हॉलंडमधल्या अंतोन व्हान लेव्हनहुक यांनी १६७४च्या सुमारास तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले आणि १६८३मध्ये दातांवरच्या किटणातले जीवाणू पाहिले, ते रंगाच्या मदतीशिवाय. त्यांचे भिंग उत्तम होते, नजर तीक्ष्ण होती आणि ते जीव हालचाल करत होते. पण स्थिर ऊतीचा पातळ काप पाहायचा झाला तर चांगले भिंगही पुरत नसे. स्नायूंचे तंतू नीट दिसावेत म्हणून खुद्द लेव्हनहुक यांनी उतारवयात केशराचा उपयोग करून पाहिला होता.

रंगांचे युग

ऊती रंगवण्याच्या पद्धतीला खरे वळण लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८५८मध्ये योसेफ फॉन गेर्लाख या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने मेंदूच्या कापावर कारमाइन हा लाल रंग वापरला. हा रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळे आणि कापड रंगवण्यासाठी वापरला जाई. रंगाचे द्रावण अगदी पातळ करून काप त्यात रात्रभर ठेवला, तेव्हा पेशींची केंद्रके रंग धरून उठून दिसू लागली.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५६मध्ये, लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने क्विनीन तयार करायच्या खटपटीत चुकून जांभळा कृत्रिम रंग बनवला होता. मग डांबरापासून रंग बनवण्याचे कारखाने उभे राहिले आणि कापडासाठी निघालेले रंग प्रयोगशाळांत पोचले. पाऊल एर्लिख यांच्या लक्षात आले की प्रत्येक रंग पेशीच्या ठरावीक भागालाच चिकटतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जीवाणू दाखवला, तो मेथिलीन ब्लू वापरून रंगवलेला होता. १८८४मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी रंगाच्या आधारे जीवाणूंचे दोन गट पाडले. ती पद्धत आजही प्रत्येक रोगनिदान प्रयोगशाळेत वापरतात.

कर्करोगाच्या निदानात आजही मुख्य आधार आहे तो हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन या जोडीचा. पहिला रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून येतो आणि केंद्रकाला निळाजांभळा करतो. दुसरा कृत्रिम आहे आणि पेशीद्रवाला गुलाबी करतो. १८७०च्या दशकात ही जोडी जमली, ती अजून मोडलेली नाही.

या पद्धतीची किंमतही समजून घ्यायला हवी. संशयित भागाचा तुकडा काढायचा, म्हणजे बायॉप्सी करायची. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, अल्कोहोलने त्यातले पाणी काढायचे, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका पातळ काप घ्यायचा, मग रंगवायचा. एवढे झाल्यावर विकृतिशास्त्रज्ञ तो पाहतात. यात एक दिवस सहज जातो, बहुधा अनेक दिवस जातात. आणि जी पेशी आपण पाहतो ती केव्हाच मेलेली असते. जिवंतपणी ती काय करत होती याचा आपण केवळ अंदाज बांधतो.

रंगाआधी दिसलेला परोपजीवी

रंगाचे युग ऐन भरात असतानाच एक मोठा शोध रंगाशिवाय लागला. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिन गावच्या लष्करी रुग्णालयात ६ नोव्हेंबर १८८० रोजी आल्फोन्स लाव्हरां हे फ्रेंच डॉक्टर हिवतापाच्या रुग्णाचे ताजे रक्त पाहत होते. रक्ताला कोणताही रंग दिलेला नव्हता. त्यांना काळपट कण असलेली एक गोलसर वस्तू दिसली आणि तिच्या कडेने जोरात वळवळणारे धागे दिसले. हिवतापाचा परोपजीवी असा सापडला. ही वळवळ जिवंत रक्तातच दिसू शकत होती. ते रक्त आधी वाळवून रंगवले असते तर ती थांबलीच असती.

आता ते काळे कण पाहा. परोपजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारा लोहयुक्त भाग त्याला विषारी असतो, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. हेच ते काळपट कण, म्हणजे हिमोझोइन. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या जठराच्या भिंतीत वेगळ्याच पेशी पाहिल्या. त्या हिवतापाशी संबंधित आहेत हे त्यांनी ओळखले ते त्या काळ्या कणांवरूनच. परोपजीवीने आपला रंग आपणच बरोबर आणला होता.

पुढे निदानाच्या रोजच्या कामासाठी रंग आलेच. रोमानोव्स्की, लिशमन, गिम्सा यांच्या पद्धती आल्या. भारतात १९४४मध्ये जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी स्वस्त आणि झटपट होणारे रंगद्रावण तयार केले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘जेएसबी’ म्हणून ओळखले जाते. तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी केली जाते, तिच्यामागे ही परंपरा आहे. हिवतापासाठी आता तत्काळ चाचणीच्या पट्ट्याही मिळतात, तरी काचपट्टीचे महत्त्व गेलेले नाही.

पण लाव्हरां आणि रॉस यांच्या गोष्टीतून एक कल्पना पुढे येते. पेशीत, रक्तात, ऊतीत मुळातच काही खुणा असतात. बाहेरून रंग घालण्याऐवजी त्या खुणा वाचता येतील का?

झेर्निके यांची युक्ती

या प्रश्नाचे पहिले पक्के उत्तर एका भौतिकशास्त्रज्ञाने दिले. प्रकाश पेशीतून जाताना त्याची तीव्रता फारशी बदलत नाही हे आपण पाहिले. पण पेशीत त्याचा वेग किंचित कमी होतो. म्हणून पेशीतून आलेली लहर बाहेरून आलेल्या लहरीच्या थोडी मागे पडते.

कवायतीच्या दोन रांगा डोळ्यांसमोर आणा. एक रांग कडक मैदानावरून चालते, दुसरी वाळूच्या पट्ट्यातून. पलीकडे दोन्ही रांगांतली सगळी मुले पोचतात, एकही कमी होत नाही. फक्त दुसऱ्या रांगेचे पाऊल चुकलेले असते. आपला डोळा पोचलेली मुले मोजतो, पावले मोजत नाही. चुकलेले पाऊल त्याला कळत नाही.

हॉलंडमधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातले फ्रिट्स झेर्निके यांनी १९३०च्या सुमारास हे पाऊल डोळ्याला दिसेल असे करण्याची रीत शोधली. पेशीत विखुरलेला प्रकाश थेट आलेल्या प्रकाशाच्या सुमारे पाव लहर मागे असतो. झेर्निके यांनी सूक्ष्मदर्शकात एक विशेष काच बसवली. तिच्यामुळे हा फरक अर्ध्या लहरीचा होतो. मग एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो, दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि पेशी गडद दिसते. व्यतिकरण आपण बारावीत शिकवतो, त्याचाच हा उपयोग.

झेर्निके १९३२मध्ये ही युक्ती घेऊन येना इथल्या झाइस कंपनीकडे गेले. सूक्ष्मदर्शक बनवणारी ती जगातली अव्वल कंपनी. तिथे त्यांचे स्वागत थंडपणे झाले. यात काही व्यावहारिक अर्थ असता तर आम्हीच हे केव्हा शोधून काढले असते, असा तिथल्या एका ज्येष्ठाचा सूर होता. हे झेर्निके यांनी पुढे नोबेल व्याख्यानात सांगितले. १९४१मध्ये जर्मन लष्कराने युद्धोपयोगी शोधांची झडती घेतली तेव्हा कुठे असे सूक्ष्मदर्शक बनू लागले. १९५३मध्ये झेर्निके यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत पेशीचे विभाजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत, रंगाशिवाय पाहता येऊ लागले.

याचा फायदा ज्या क्षेत्राला सर्वांत जास्त झाला ते म्हणजे ऊतीसंवर्धन. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी रोज पाहाव्या लागतात. रंग दिला तर त्या मरतात आणि वाढ तिथेच थांबते. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली ऊतीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभी केली ती पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी. आजही अशा कोणत्याही प्रयोगशाळेत गेलात तर पेशींच्या बशीशेजारी झेर्निके यांच्या तत्त्वावर चालणारा सूक्ष्मदर्शक असतोच.

त्रासदायक ठोका

रंगाशिवाय निदान करण्याचे एक उदाहरण २०२०च्या साथीत घरोघरी पोचले. बोटाला लावायचा छोटा ऑक्सिमीटर आपण सर्वांनी पाहिला. तो प्रतिमा दाखवत नाही, आकडा दाखवतो. पण त्याच्या जन्माची कथा आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे.

जपानमध्ये निहोन कोहदेन कंपनीत काम करणारे ताकुओ आओयागी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकते हे मोजण्याची सोपी रीत शोधत होते. त्यासाठी रक्तात रंग टोचायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून तो रंग किती वेगाने विरळ होतो ते मोजायचे. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कानातले रक्त कमीजास्त होई आणि आलेख थरथरत राही. ही थरथर घालवण्याच्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आले की तीच खरी माहिती आहे. ऑक्सिजन असलेले रक्त आणि नसलेले रक्त तांबडा आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. दोन तरंगलांबींवर ठोक्याची उंची मोजली की धमनीतल्या ऑक्सिजनचे प्रमाण कळते. टोचलेल्या रंगाची गरजच उरली नाही, हिमोग्लोबिनचा स्वतःचा रंग पुरेसा होता. याचे पेटंट १९७४मध्ये मागितले गेले. आओयागी यांचे निधन १८ एप्रिल २०२० रोजी झाले, त्यांचे उपकरण जगभर शोधले जात असताना.

डोळ्यांच्या तपासणीतही असेच झाले. मधुमेहात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. त्या पाहण्यासाठी १९६१पासून फ्लुओरेसीन हा पिवळा रंग हाताच्या शिरेतून टोचून डोळ्याची छायाचित्रे घेतली जातात. त्वचा काही तास पिवळसर होते, काहींना मळमळते, क्वचित तीव्र ॲलर्जी होते. १९९१मध्ये अमेरिकेत जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्युआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी’ ही पद्धत मांडली. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो यावरून खोली कळते. इथे तेच काम प्रकाश करतो. प्रकाशाचा वेग इतका अफाट की ती वेळ कोणत्याही घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून पुन्हा व्यतिकरणाचाच आधार घ्यावा लागतो. दृष्टिपटलाचे थर न कापता, न रंगवता दिसू लागले.

पुढे त्यातूनच रक्तवाहिन्याही दिसू लागल्या. कल्याण स्टेशनच्या फलाटाची काही सेकंदांच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतली तर खांब दोन्हींत जागच्या जागी दिसतील, माणसे बदललेली दिसतील. दृष्टिपटलाच्या एकाच जागेच्या लागोपाठ प्रतिमा घेऊन जे बदलले तेवढेच वेगळे काढले की वाहते रक्त उरते. टोचलेला रंग मात्र पूर्ण हद्दपार झालेला नाही. रक्तवाहिनीतून गळती होत असेल तर ती फ्लुओरेसीनच दाखवतो.

प्रकाशाने माठ वाजवणे

आता तिसरी खूण. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपला शोध पक्का केला. त्यांचे सहकारी होते के. एस. कृष्णन. हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. पण साधारण एक कोटी प्रकाशकणांत एखादा कण रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन बदललेल्या रंगाने बाहेर पडतो. माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो, आवाजावरून पक्का की तडकलेला ते कळते. रामन परिणामात प्रकाश रेणूला वाजवतो आणि बदललेला रंग हा त्याचा आवाज. स्निग्धपदार्थ, प्रथिने, डीएनए यांचे आवाज निरनिराळे असतात.

हा आवाज फार क्षीण असल्यामुळे १९६०मध्ये लेसर येईपर्यंत आणि पुढे संवेदनशील शोधक तयार होईपर्यंत वैद्यकात त्याचा उपयोग दूरच होता. शिवाय दृश्य प्रकाशात ऊती स्वतःच मंद चकाकते आणि त्या चकाकीत रामन संकेत बुडून जातो. त्यावर उपाय म्हणून ७८५ नॅनोमीटरसारख्या अवरक्ताच्या जवळच्या तरंगलांबीचे लेसर वापरले जाऊ लागले.

रामन परिणामाला तेरा वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेला, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तारखांचा हा योगायोगच. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते वसंत रामजी खानोलकर. त्यांनी १९४४मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते अभ्यासणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचे नाव घ्यावे लागते. १९५२मध्ये सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक. हीच संस्था पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून खारघरला गेली आणि आज ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाते. खानोलकरांचे सारे काम रंगवलेल्या काचपट्ट्यांवर उभे होते. त्याच परंपरेत रंगाविना निदानाचा प्रयत्न व्हावा हे विशेष आहे.

हा प्रयत्न सी. मुरली कृष्ण यांच्या प्रयोगशाळेत झाला. त्याआधी मणिपालमध्ये त्यांनी व्ही. बी. कार्था आणि इतरांबरोबर काम केले होते. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तोंडातून काढलेल्या निरोगी, दाह झालेल्या, कर्करोगपूर्व आणि कर्करोगग्रस्त ऊती रामन वर्णपटावरून वेगळ्या ओळखता येतात असे दिसले होते. खारघरला पुढची पायरी गाठली गेली. तुकडा न काढता, प्रकाशतंतूची सळई थेट रुग्णाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावायची, काही सेकंद लेसर टाकायचा आणि वर्णपट घ्यायचा. टाटा मेमोरियलचे शल्यचिकित्सक पंकज चतुर्वेदी या कामात सहभागी होते. कर्करोगपूर्व चट्टे जिवंत ऊतीत ओळखण्याबद्दलचा या गटाचा निबंध २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी गालाच्या वर्णपटात स्निग्धपदार्थांच्या खुणा ठळक असतात, कर्करोगात प्रथिनांच्या खुणा वरचढ होतात. ट्यूमर असलेल्या तोंडात दुसऱ्या बाजूचा वरवर निरोगी दिसणारा गालही काहीसा बदललेला असू शकतो, याचाही या गटाने पाठपुरावा केला. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही तोंडाच्या ऊतीची स्वतःची चकाकी लेसरने मोजून कर्करोग ओळखण्याचे काम झाले आहे.

इथे एक भेद लक्षात घ्यावा. सळई ज्या ठिपक्यावर टेकते तेवढ्याच ठिपक्याचा वर्णपट मिळतो, पूर्ण चित्र मिळत नाही. चित्र हवे तर ठिपक्यामागून ठिपका मोजावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. २००८मध्ये अमेरिकेत सनी शाय यांच्या गटाने दोन लेसर एकत्र वापरून रामन संकेत पुष्कळ बळकट करण्याची रीत दाखवली आणि चित्रे वेगाने मिळू लागली. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या २७८ रुग्णांच्या ऊतींची अशी चित्रे न रंगवता घेतली गेली आणि संगणकाने दीडशे सेकंदांच्या आत निदान सुचवले. त्याची अचूकता विकृतिशास्त्रज्ञांच्या नेहमीच्या निदानाच्या तोडीची होती. यातली गंमत अशी की त्या चित्रांना संगणक मुद्दाम गुलाबी-जांभळी छटा देतो. दीडशे वर्षे डॉक्टरांची नजर हिमॅटॉक्सिलीन-इओसिनवर घडली आहे. रंग काचपट्टीवरून गेला तरी पाहण्याच्या सवयीत टिकून राहिला.

खडवलीहून पाहताना

हे सारे परळ, खारघर आणि परदेशातल्या प्रयोगशाळांचे झाले. त्याचे महत्त्व कळते ते गावाकडून पाहिल्यावर. कल्याणहून कसाऱ्याकडे निघाले की टिटवाळ्यानंतरचे स्टेशन खडवली, भातसा नदीच्या काठचे. अशा गावातल्या माणसाच्या तोंडात पांढरा चट्टा उठला, तर तो तपासून घेणे म्हणजे शहराच्या फेऱ्या आल्या. एक फेरी दाखवायला, एक तुकडा काढायला, एक अहवाल आणायला. प्रत्येक फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. चट्टा दुखत नसतो, म्हणून दुसरी फेरी पुढे ढकलली जाते. तोंडाचा कर्करोग भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. खरे तर तोंड ही अशी जागा की तिथे आरसा धरूनही पाहता येते, तरीही पुष्कळ रुग्ण उशिरा येतात. महाराष्ट्राने २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण तंबाखू सुटलेली नाही.

तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या-लाल चट्ट्यांपैकी थोडेच पुढे कर्करोगाकडे जातात. कोणत्या चट्ट्याचा तुकडा काढायलाच हवा आणि कोणता नुसता नजरेखाली ठेवला तरी चालेल, हे पहिल्याच भेटीत, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात कळू शकले तर फेऱ्या वाचतील आणि खऱ्या रुग्णाचा वेळ वाचेल. रंगाविना निदानाची खरी कसोटी ही आहे.

ती कसोटी अजून पार पडलेली नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवे. प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही, पद्धतीप्रमाणे मिलिमीटरचा काही अंश ते एक-दोन मिलिमीटर एवढेच. वय आणि तंबाखूची सवय यांनी निरोगी गालाचा वर्णपटही बदलतो, त्यामुळे खूप माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. उपकरणे महाग आणि नाजूक आहेत. आणि कर्करोग आहे की नाही याचा शेवटचा शब्द आजही रंगवलेल्या काचपट्टीचाच आहे. लेसरची सळई कुठे तुकडा घ्यावा हे सांगू शकते, तुकड्याची जागा घेऊ शकत नाही. तोवर नुसत्या नजरेने केलेली तोंडाची तपासणी हीच सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेली रंगाविना तपासणी आहे. तोंडात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला चट्टा किंवा व्रण डॉक्टरांना दाखवावा, एवढी गोष्ट मुलांनी घरी जाऊन सांगितली तरी विज्ञानाच्या तासाचे चीज झाले.

वर्गात करून पाहण्यासाठी

पुढच्या वेळी गालाच्या पेशींचा प्रयोग तीन पायऱ्यांत घ्या. पहिल्यांदा रंग न घालता, सूक्ष्मदर्शकाचा पडदा पूर्ण उघडा ठेवून पाहा. जवळजवळ काहीच दिसणार नाही. मग पडदा हळूहळू मिटवत न्या. प्रकाश कमी होईल, पण पेशींच्या कडा आणि कधीकधी केंद्रकही उमटू लागेल. कारण आता प्रकाश कमी कोनांतून येतो आणि त्याला झालेले थोडेसे वळणही जाणवते. तिसऱ्यांदा मेथिलीन ब्लू घाला. तिन्ही वेळच्या आकृत्या शेजारी शेजारी काढायला सांगा आणि प्रत्येकीखाली लिहायला लावा: काय दिसले, काय हरवले. प्रत्येकाने स्वतःची नवी टूथपिक वापरावी, स्वतःच्याच पेशी घ्याव्यात, आणि काचपट्ट्या नंतर जंतुनाशकात बुडवाव्यात.

नदीच्या किंवा डबक्याच्या पाण्याचा थेंबही असाच पाहता येईल. रंग न घालता पॅरामिशियम सुसाट पळताना दिसतो, त्याचे केंद्रक मात्र दिसत नाही. रंग घातला की केंद्रक दिसू लागते आणि पळणे मंदावत जाऊन थांबते. रंगाने काय मिळाले आणि काय गेले, याचे उत्तर मुलांना तिथे समोरच मिळेल. मग त्यांना विचारा: प्रकाशाला आणखी कोणता प्रश्न विचारला तर दोन्ही गोष्टी एकदम दिसतील? झेर्निके, आओयागी आणि रामन यांच्या कामाची ओळख करून द्यायला याहून चांगली जागा सापडणार नाही.